फोनला आपला ठावठिकाणा किती कळू द्यावा? (किनाऱ्यावरच्या मंडळींना खास विचारणा)

खाडीवारा

मंडळी, रत्नागिरीत बसून आम्ही दोघं मित्र एक मोबाइल अ‍ॅप करतोय. भरती-ओहोटीच्या वेळा, वारा आणि लाटांचा इशारा, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या फेरीबोटींच्या वेळा, आणि बागायतदारांसाठी पुढच्या चार-पाच दिवसांत फवारणी करावी की थांबावं एवढं सांगणारा एक कोपरा. माणूस जिथे असेल तिथलं दाखवायचं. हर्णैला असेल तर हर्णैची भरती, देवगडच्या कलमांत असेल तर तिथला पाऊस.

आणि इथेच आमचं अडलंय. मित्राचं म्हणणं असं की अ‍ॅप उघडल्या उघडल्या अचूक लोकेशनची परवानगी मागायची, ते आपल्या सर्व्हरवर घ्यायचं आणि साठवायचं. कोण कधी कुठे असतो हे कळलं की पुढे न विचारता नेमकी सूचना देता येईल. पहाटे चारला बंदरावर असणाऱ्याला वाऱ्याचा इशारा, सकाळी दहाला बागेत असणाऱ्याला पावसाचा. माझं म्हणणं, हे सगळं फोनमध्येच होऊ दे, सर्व्हरला काही कळायचं कारण नाही. तो म्हणतो, मग अ‍ॅप मठ्ठ होईल.

तुम्ही अशी अ‍ॅप रोज वापरता. परवानगीची चौकट समोर आली की काय दाबता, आणि का? मासेमारी, बागायत, घरगुती निवासवाले, जरूर लिहा. 'प्रायव्हसी कधीच संपली' असं लिहिणार असाल तर निदान दोन ओळी कारण द्या.

कुळागर

देवगड तालुका, हापूस. मी 'फक्त या वेळेपुरती' दाबतो. अँड्रॉइड ११ पासून (२०२०) ती सोय आहे. १२ पासून 'अचूक' की 'अंदाजे' हेही निवडता येतं, आयफोनला ते आयओएस १४ पासून आहे. बऱ्याच जणांना हे बटण दिसतच नाही, कारण सगळे घाईत असतात.

मुद्दा असा. फवारणीचा सल्ला द्यायला माझं कलम पाच मीटरच्या आत कुठे आहे हे कशाला हवं? पाऊस काय एका कलमावर पडून शेजारच्याला सोडतो? विजेचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएमचं (हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) 'दामिनी' अ‍ॅप घ्या. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याची शक्यता सांगतं. एवढ्या परिघासाठी तालुक्याचं नाव पुरेल. मोहोरावर तुडतुडे आहेत की भुरी, हे ओळखायला मी फोटो काढून पाठवला तर गोष्ट वेगळी. तिथे मी होऊन देतोय.

मालवणी_पापलेट

बाबांनू, मासो खंय गावता ह्या कोण कोणाक सांगता? आमचो बापूस सख्ख्या भावाक सांगणा नाय, आणि अ‍ॅपवाल्याक सांगतलो?

(आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी भाषांतर मागतील.)

तुम्ही शहरातले लोक प्रायव्हसी म्हणजे फोटो, चॅट, बँक असं धरता. आमच्याकडे ती धंद्याची गोष्ट आहे. पूर्वी डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आला की जाळं टाकायची जागा कळायची, आणि ती खूण घरातच राहायची. आता तेच बिंदू होडीवरच्या जीपीएसमध्ये साठवलेले असतात. मशीन दुरुस्तीला द्यायचं झालं तर आमच्या घरी आधी सगळे बिंदू वहीत उतरवून घेतात आणि मशीनमधून पुसून टाकतात. पन्नास वर्षांची कमाई आहे ती. हीच माहिती रोज आपोआप कुठल्या तरी सर्व्हरवर जमा होणार आणि 'या भागात होड्या जास्त थांबतात' असा नकाशा उद्या कुणीतरी पैसे घेऊन मोठ्या पर्ससीनवाल्याला (घेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवाल्याला) दाखवणार. नाव नसेल त्यात कुणाचं. आम्हाला नावाशी काय करायचंय? जागा गेली की सगळं गेलं.

सोलकढी_प्लीज

प्रायव्हसी कधीच संपली. कारण १: मी काल घरात 'मिक्सर बिघडला' म्हटलं. कारण २: आज फोन मिक्सर दाखवतोय. झाल्या दोन ओळी.

मिरकरवाडा_जेटी

मालवणी_पापलेट यांना पूर्ण अनुमोदन, आणि धागाकर्त्यांनी समुद्रात आधीपासून काय चाललंय ते बघावं. तुमच्या दोघांच्या भांडणाचं उत्तर तीन यंत्रांत आहे.

पहिलं 'जेमिनी', २०१९ मध्ये आलेलं. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून हैदराबादच्या इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) इशारे गगन उपग्रहामार्फत एका छोट्या डबीवर येतात आणि डबीतून ब्लूटूथने फोनवर. हे यंत्र फक्त ऐकतं. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे कळत नाही, तुम्ही आहात हेच कळत नाही. दवंडी पिटणाऱ्याला कुणाकुणाच्या कानावर गेली हे कुठे ठाऊक असतं?

दुसरं डीएटी, इस्रोचं संकटसूचक यंत्र. ते एरवी गप्प असतं. होडी बुडतेय, आग लागलीय, माणूस आजारी पडलाय, तेव्हा खलाशी बटण दाबतो आणि त्याच वेळी ठिकाण तटरक्षक दलाकडे जातं. नव्या पिढीच्या यंत्रात 'संदेश पोचला' असं उत्तरही परत येतं. अडकलेल्या माणसाला त्या उत्तराचा केवढा धीर असतो.

तिसरा ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात ज्याची सुरुवात झाली तो. देशभरात एक लाख होड्यांवर बसवायची योजना आहे. हा दोन्ही बाजूंनी बोलतो आणि ठिकाण सतत पाठवत राहतो. सोबतच्या 'नभमित्र' अ‍ॅपवर हवामान, इशारे सगळं मिळतं. फायदा खरा आहे, वादळात कोण कुठे आहे ते कळतं. पण पापलेटभाऊ म्हणतात ती भीतीही इथेच आहे.

एक ऐकतं, एक मागितल्यावर बोलतं, एक सतत बोलतं. तुमच्या अ‍ॅपमधली कुठली सोय यातल्या कुठल्या घरात बसते ते आधी ठरवा. भरतीची वेळ सांगायला ट्रान्सपॉन्डर कशाला? आणि इन्कॉइस माशांच्या संभाव्य क्षेत्राची माहिती देतं तीही बंदरागणिक असते: अमुक बंदरापासून अमुक दिशा, अंतर, खोली. ज्याचं जे बंदर तो ते वाचतो. इन्कॉइसला विचारायला कुणी जात नाही.

सुरंगी

आंजर्ल्याला आमचा घरगुती निवास आहे. सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते.

मला अ‍ॅपने ओळखलेलं आवडतं. पाहुणे गुहागरहून येत असतात, नकाशा त्यांना बिनधास्त धोपाव्याच्या जेटीवर आणून सोडतो, आणि तिथे शेवटची फेरी सुटून गेलेली असते. मग चिपळूणवरून वळसा, मग मला रात्री फोन, मग जेवण परत गरम. अ‍ॅपला माणूस कुठे आहे, किती वाजलेत आणि फेरी कधी सुटते हे तिन्ही कळलं आणि त्याने शृंगारतळीतच सांगितलं की 'आता फेरी मिळणार नाही', तर त्या अ‍ॅपला मी दिवाळीला फराळ पाठवीन. त्यासाठी पाहुण्याचं लोकेशन घेतलं तर घेतलं.

माझी चिडचिड वेगळ्या गोष्टीची आहे. एक साधं टॉर्चचं अ‍ॅप घेतलं होतं, त्याला कॉन्टॅक्ट हवे होते. टॉर्चला! काहीच न देता मागणाऱ्यांनी आम्हाला इतकं वैतागवलंय की जो खरोखर काही देणार असतो त्यालाही आम्ही 'नाही' दाबतो. तुमच्या दोघांचं नुकसान तिथे होणार आहे.

हातपाटी

धाग्यातला 'मित्र' तो मीच. खलनायक म्हणून ओळख करून दिल्याबद्दल आभार.

सुरंगीताईंनी माझा मुद्दा अर्धा मांडला, उरलेला मी मांडतो. अ‍ॅप शहाणं होतं ते चुकांमधून. समजा आम्ही जयगडला 'वारा वाढणार' असा इशारा दिला आणि तिथे पानही हललं नाही. सर्व्हरवर काहीच येत नसेल तर हे आम्हाला कळणार कसं? इशारा किती जणांनी वाचला, किती जणांनी वैतागून बंद केला, कुठल्या गावात अ‍ॅप सारखं कोसळतंय, यातलं काहीच दिसणार नाही. डोळे बांधून होडी हाकायची का? शिवाय सर्व्हरचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं, ते तत्त्वांवर चालत नाही.

लोकेशन विकायचं मी कधीच म्हटलेलं नाही. साठवलं तर पुढे कामाला येईल, एवढंच.

मूळ_गुहागर

'साठवलं तर पुढे कामाला येईल' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुण्यात विदाविश्लेषणाचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

'नाव काढून टाकलं की झालं' ही समजूत सोडा. २०१३ मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. नाव नाही, नंबर नाही, फक्त कुठल्या तासाला कुठल्या टॉवरजवळ. त्यातल्या ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला चार नोंदी पुरल्या. रात्री कुठे, सकाळी कुठे, एवढ्यावर माणूस सापडतो. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपचं प्रकरण झालं. धावणाऱ्यांच्या वाटांचा एकत्रित नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला होता, नावं नव्हतीच, आणि त्यात वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसत होते. पापलेट यांची मासे मिळण्याची जागा अशीच उजळेल. ते म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

आता कोकणापुरतं. अँड्रॉइडचं 'अंदाजे' लोकेशन म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा. दादरला तीन चौरस किलोमीटरमध्ये लाखभर माणसं असतील, तिथे तुम्ही गर्दीत लपता. आमच्या वाडीभोवती तीन चौरस किलोमीटर आखा: पंधरा घरं, त्यातली सात कुलूपबंद, चाकरमानी गणपतीला येणार. उरलेल्या आठांत स्मार्टफोनवर हापूसच्या फवारणीचा सल्ला बघणारा एकच. शहरात बसून केलेलं 'अंदाजे' गावात अचूकच ठरतं. म्हणून इथे किलोमीटर मोजू नका, त्या चौकटीत माणसं किती ते मोजा. तालुका किंवा बंदर हेच लहानात लहान एकक धरा.

हातपाटी यांच्या प्रश्नाला उत्तरं आहेत. आकडे हवेत, माणसं नकोत. फोनने दिवसाचा हिशोब स्वतःशी ठेवावा आणि फक्त 'जयगड, इशारा वाचला' एवढी एक खूण पाठवावी, तीही अधूनमधून मुद्दाम खोटी. किती वेळा खोटं बोलायचं हे आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे शेकडो खुणा जमल्यावर बेरजेतून ते वजा करता येतं, पण एकट्या फोनची खूण बघून काहीच छातीठोक सांगता येत नाही. मोठ्या कंपन्या हे करतात, ॲपलने २०१६ पासून सुरू केलं. गूगलने कीबोर्डसाठी २०१७ मध्ये आणखी एक वाट धरली: शिकणं फोनमध्येच होतं, सर्व्हरकडे शिकलेल्याचं सार जातं, टाइप केलेलं जात नाही. तुमच्या पाचशे वापरकर्त्यांसाठी एवढा खटाटोप नको. 'इथे अंदाज चुकला' असं एक बटण ठेवा. कोकणी माणूस ते आनंदाने दाबेल.

सोलकढी_प्लीज

दिवसातून चारदा दाबेल. अंदाज बरोबर असला तरी.

माजघर

मी निवृत्त शिक्षिका, केळशी. सगळा धागा वाचला. बरंच कळलं नाही, पण एक प्रश्न आहे.

फोनने गुपचूप ओळखायचं कशाला? मला विचारा ना, 'तुमचं गाव कोणतं?' मी सांगते केळशी. गेली चाळीस वर्षं मी केळशीतच आहे, रोज सकाळी उपग्रहाला विचारून खात्री करायची गरज नाही. मुंबईला लेकीकडे गेले तर मी बदलीन, नाही बदललं तरी केळशीत पाऊस आहे का हे मला तिथेही बघायचंच असतं. ते जीपीएस मला दादरचा पाऊस दाखवेल. मला काय करायचाय दादरचा पाऊस?

कुळागर

माजघरबाई, __/\__. आमच्या बागेचंही तेच. मी कणकवलीला बाजारात असलो तरी चिंता बागेतल्या पावसाची असते.

खाडीवारा

बाईंनी एका परिच्छेदात आमचा आठवडाभराचा वाद मिटवला. माणूस जिथे आहे ते ठिकाण आणि त्याला ज्याची काळजी आहे ते ठिकाण वेगवेगळं असतं, आणि त्यातलं दुसरं ठिकाण कुठलाच सेन्सर सांगू शकत नाही.

रात्री बसून थोडं गणित केलं. भरती-ओहोटी चंद्र-सूर्यावर चालते, वर्षभराच्या वेळा आधीच काढता येतात. एका बंदराच्या वर्षाला साधारण १४०० नोंदी. किनाऱ्यावरची सगळी बंदरं अ‍ॅपबरोबरच देऊन टाकली तरी फोनला जाणवणारही नाही. (अवांतर: आमच्याकडचे जुने लोक 'तिथीची पाऊणपट' करून भरतीची वेळ सांगायचे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. ढोबळ आहे, पण सर्व्हर लागत नाही.)

हवामानाचं असं. समजा १५० ठिकाणं, पाच दिवस, दिवसाला आठ वेळा, प्रत्येक वेळी वारा, लाट, पाऊस, तापमान असे चार आकडे. झाले २४,००० आकडे. प्रत्येकी दोन बाइट धरले तर ४८ केबी. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'सुप्रभात'च्या फुलांपेक्षा लहान! म्हणजे डहाणूपासून रेडीपर्यंतचा सगळा अंदाज प्रत्येकाला पाठवायचा आणि आपल्या गावचा फोनने निवडायचा. सर्व्हरला दिसेल एवढंच की कुणीतरी फाइल उतरवली. आयपी पत्ता दिसतो, त्याच्या नोंदी आम्ही ठेवणार नाही. आणखी एक फायदा, रेंज गेली तरी शेवटची फाइल फोनमध्ये असतेच.

सुरंगीताईंच्या फेरीबोटीला मात्र लोकेशन लागणार. ते फोनमध्येच वापरू, वेळापत्रक तिथेच असेल, तुलनाही तिथेच होईल.

चिपळूणची_वकील

कायद्याचं थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तुम्ही छोटे असलात तरी तयारी आत्ताच करा. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुमच्याकडून एवढे कुणी घेणार नाही, पण आकडा मित्राला जरूर वाचून दाखवा.

तुमच्या कामाचे मुद्दे: संमती ठरावीक कारणासाठी आणि त्या कारणाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट यादी मागितली आणि बाईंनी 'हो' दाबलं, तरी यादीपुरती ती संमती धरायची नाही, कारण सल्ल्याला यादी लागत नाही. सुरंगीताईंचा टॉर्च इथे बसतो. संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती मागे घेणंही सोपं हवं. सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचता यायला हवी, म्हणजे मराठीत. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यावरून जाहिराती दाखवायला मनाई आहे.

सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ट्रान्सपॉन्डरच्या चर्चेत हे विसरू नका.

डोंबिवली_फास्ट_गाव_स्लो

चाकरमानी इथे. २०२०च्या गणपतीत गावी यायला ई-पास, आल्यावर विलगीकरण, आणि फोनमध्ये आरोग्य सेतू. तेव्हा कुणी प्रश्न विचारले नाहीत कारण घाबरलेलो होतो. ते अ‍ॅप ब्लूटूथबरोबर लोकेशनही घ्यायचं. त्याच वर्षी ॲपल आणि गूगलने मिळून दुसरी पद्धत काढली होती: फोन एकमेकांना सतत बदलणारे सांकेतिक आकडे देत, भेटीची नोंद फोनमध्येच राही, ठिकाण घेतलंच जात नसे. काम तेच करायचं होतं. म्हणजे 'आणीबाणी आहे, सगळं द्यावंच लागेल' हे दर वेळी खरं नसतं, हे त्या वर्षात कळलं.

पण घरच्यांचं वेगळं. बाबा एकटे गाडी घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने येतात तेव्हा मी त्यांना आठ तासांचं लाइव्ह लोकेशन चालू करायला लावतो. आठ तासांनी आपोआप बंद. ते फक्त मला दिसतं आणि का दिसतं हे त्यांना माहीत असतं. एवढ्या तीन अटी पाळणारं अ‍ॅप असेल तर माझी हरकत नाही.

मिरकरवाडा_जेटी

तुमच्या बाबांना माहीत असतं. आमच्या खलाशांना असतं का?

होडीच्या बाबतीत 'वापरकर्ता' कोण, हा प्रश्न इथे कुणी विचारला नाही. फोन तांडेलाचा (होडीवरच्या प्रमुखाचा), होडी मालकाची, घाम खलाशांचा, आणि त्यातले कितीतरी नेपाळहून आलेले. मालक घरी बसून होडी कुठे थांबली, किती वेळ थांबली हे बघू लागला की तांडेलाच्या डोक्यावर फोनच बसतो. 'तिथे अर्धा तास काय करत होतात?' इंजिन थंड करत होतो. मालक म्हणतो डिझेल माझं आहे, तेही खोटं नाही. पण मग तसं आधी तोंडावर सांगून ठरवा ना. अ‍ॅपच्या कोपऱ्यात लपवू नका. वकीलबाई, यात कायदा कुणाच्या बाजूने?

चिपळूणची_वकील

तांडेलाला आवडेल असं उत्तर नाही. नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी काही प्रमाणात संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशी वाट कायद्यात ठेवली आहे. ती किती रुंद आहे हे खटले उभे राहिल्यावर ठरेल. तोवर अ‍ॅप करणाऱ्याने मालकाला दिसणारी खिडकी काढायचीच नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

वेळासची_वाट

थोडं अवांतर, पण याच पंगतीतलं. कासवांच्या घरट्यांचे फोटो लोक काढतात आणि ठिकाणासकट टाकतात. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातीची नोंद टाकली की ठिकाण आपोआप धूसर होतं, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी टाकलं जातं. अभ्यासकाला जिल्हा कळतो, अंडी चोरणाऱ्याला घरटं कळत नाही. कासवाला जेवढा खासगीपणा मिळतो तेवढा खलाशाला मिळावा, एवढीच माफक अपेक्षा.

हातपाटी

मान्य, मान्य, मान्य. तीन गोष्टींवर खाडीवाराने मला सकाळी चहावर गाठलंच आहे. मालकाची खिडकी काढतोय, तशीही ती अजून कागदावरच होती. अ‍ॅप उघडल्यावर पहिला प्रश्न 'तुमचं गाव किंवा बंदर कोणतं?' असेल आणि लोकेशनची चौकट फेरीबोटीच्या पानावर गेल्याशिवाय येणार नाही. जाहिरातीची तयार लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला कोड) टाकणार नाही. हा मुद्दा इथे कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो: अ‍ॅपला दिलेली परवानगी आत बसवलेल्या जाहिरातदाराच्या लायब्ररीलाही आपसूक मिळते, आणि ती काय कुठे पाठवते हे अ‍ॅप करणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. त्याऐवजी बंदराच्या पानावर त्या बंदरातल्या बर्फवाल्याची, जाळीवाल्याची साधी पाटी लावू. ज्याला हर्णैचं पान दिसतंय त्याला हर्णैचा बर्फवाला. त्यासाठी माणसाचा इतिहास लागत नाही.

पण एक अडचण उरते आणि ती तत्त्वाची नाही. अंदाज फोनमध्ये निवडायचा तर अ‍ॅपने दर काही तासांनी स्वतःहून फाइल आणली पाहिजे. कित्येक फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारं अ‍ॅप मारून टाकतात. मग पहाटेचा इशारा पोचतो सकाळी नऊला, डोळे चोळत अ‍ॅप उघडल्यावर. सर्व्हरवरून थेट ढकललेली सूचना वेळेत येते, पण मग कुठल्या फोनला कुठल्या बंदराची सूचना हवी हे सर्व्हरला माहीत हवं.

मूळ_गुहागर

तेवढं चालेल. 'हा फोन हर्णैच्या यादीत आहे' ही माहिती 'हा फोन पहाटे ४.१० ला या धक्क्यावर होता' यापेक्षा कितीतरी कमी आहे. शिवाय माणसाने ती स्वतः निवडलेली आहे. फक्त यादी बंदरापर्यंतच ठेवा, वाडीपर्यंत नेऊ नका, आणि यादीतून नाव काढलं की खरोखर पुसा.

जीवघेण्या वादळासाठी तुमच्या अ‍ॅपवर कुणी विसंबू नये असंही ठळक लिहा. सरकारी सेल ब्रॉडकास्ट त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम कोकलले होते, आठवतंय? टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्यांना एकाच वेळी पाठवतो, कुणाचा नंबर त्याला लागत नाही.

सुरंगी

निसर्ग वादळात (३ जून २०२०) टॉवरच आडवे झाले होते. तेव्हा ना ब्रॉडकास्ट ना अ‍ॅप. रेडिओचे सेल घरात ठेवा असंही लिहा त्या पानावर.

मालवणी_पापलेट

बापूसाक वाचून दाखवलंय सगळा. तो म्हणता, यादीत मालवण टाकूक हरकत नाय, पण तटरक्षक दलाचो १५५४ नंबर पयल्या पानार मोठ्या अक्षरात होयो, आणि त्या दाबल्यार ठिकाण जावक होया. थंय लपवचा काय नाय.

खाडीवारा

१५५४ पहिल्या पानावर येईल. बटण दाबलं की फोनवरचे अक्षांश-रेखांश मोठ्या अक्षरात पडद्यावर, म्हणजे फोनवर बोलताना वाचून सांगता येतील. रेंज नसेल तिथे हा कॉल लागणार नाही, तिथे डीएटीच हवं, तेही त्याच पानावर लिहितो. चाचणीची आवृत्ती हवी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोन नंबर पाठवू नका, ईमेल पुरे.

रेडीचा_बंदरकर

उशिरा आलो. यादीत वेंगुर्ला आहे ना? मागे एका अ‍ॅपने आम्हाला सरळ गोव्यात टाकलं होतं. पाऊस गोव्याचा, भरती गोव्याची, जाहिराती कसिनोच्या.

हातपाटी

वेंगुर्ला आहे, शिरोडा आहे, रेडीही आहे. कसिनो नाही.